हुसकावलेलं जनावर पुढे काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भात पोटरीला आलं की आमच्याकडे प्रश्न यायला लागतात आणि काजूचा हंगाम संपेपर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वैभववाडीचे शेतकरी. काही राजापूर, लांजा, संगमेश्वरचे. रानातलं जनावर शेतात आलं, माणसांनी आरडाओरडा केला, बार काढले, कुत्रे सोडले, कधी रानात चोरून पारध झाली, आणि ते पळालं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. प्रश्न असतात ते त्यापुढच्या तासांचे आणि पुढच्या रात्रींचे. माझी स्वतःची काजूची बाग सह्याद्रीच्या पायथ्याला आहे, त्यामुळे ही उत्तरं लिहिताना नुकसान झालेल्या माणसाचा संताप मला परका नाही. तरीही जनावर पळालं म्हणजे काम झालं, ही समजूत आपल्याला महागात पडते आहे, असं मला मनापासून वाटतं.

१. रात्री डुकरांचा कळप हुसकावला. तो किती लांब गेला असेल?

वाटतं तेवढा लांब नाही. जनावर अंतर मोजून पळत नाही, आडोसा मिळेपर्यंत पळतं. मळ्याला लागून करवंदीची दाट जाळी किंवा चिव्याची (बांबूची) बेटं असतील तर डुकरं शंभर-दोनशे मीटरवरच थांबतात आणि काळोखात तुमचं बोलणं ऐकत उभी राहतात. मोकळा सडा (कातळाचं माळरान) असेल तर तो ओलांडून पलीकडच्या व्हाळात (ओढ्यात) उतरेपर्यंत त्यांचा पाय थांबत नाही. गव्यांचा कळप एकदम उधळतो, झाडं मोडल्याचा आवाज येतो, मग अचानक सगळं गप्प होतं. ते गप्प होणं म्हणजे कळप लांब गेला असं नव्हे. बहुतेक वेळा तो वळून, कान पुढे करून, पाठलाग होतोय का ते बघत असतो. भेकर, म्हणजे भुंकणारं छोटं हरीण, चकवा देतं. ते फेर घेऊन ओळखीच्या जागेच्या आसपासच राहतं.

म्हणून 'गेली एकदाची' असं म्हणत लगेच विजेरी घेऊन जाळीत डोकावायला जाऊ नका. निदान अर्धा तास तरी जाऊ द्या, आणि शक्यतो उजाडेपर्यंत जाऊच नका.

२. मग ती परत येतात का? किती दिवसांनी?

येतात. कारण साधं आहे: पाणवठा, लपण आणि चारा जिथे एकत्र आहे, ते सोडून जनावर जाईल कुठे? एकदाच हुसकावलेलं जनावर एक-दोन रात्री बिचकतं आणि पुन्हा त्याच वाटेने उतरतं. दुधात आलेलं भात, पिकलेला फणस, सुरण, कणगर, रताळं असे कंद लावलेलं परसू असेल तर त्याच रात्रीही येतं. वारंवार, रोज हुसकावलं तर वाट बदलतं, वेळ बदलतं (प्रश्न ४), आणि पुष्कळदा फक्त शेजारच्या वाडीत सरकतं.

याला एक अपवाद आहे. पिल्लं असलेली मादी जिथे घाबरली तिथे लवकर येत नाही, पण पिल्लू मागे राहिलं असेल तर नक्की येते आणि लगेच येते. त्याबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

३. परदेशात मूस नावाच्या मोठ्या हरणावर असा अभ्यास झालाय म्हणे. तो आपल्या गव्याला लागू पडतो का?

थोडा पडतो, थोडा नाही. मूस हा उत्तरेकडच्या थंड देशांतला सर्वांत मोठा हरणवर्गीय प्राणी. त्याला युरोपात एल्क म्हणतात. स्वीडन-नॉर्वेत त्याची शिकार कायदेशीर आहे आणि ती पुष्कळदा कुत्रा घेऊन करतात. कुत्रा मूसला भुंकून जागेवर अडवून धरतो आणि शिकारी आवाजाच्या रोखाने जातो. तिथल्या संशोधकांनी मूसच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधून आणि शरीरात तापमान व हृदयाचे ठोके मोजणारी छोटी यंत्रं बसवून पाहिलं की माणूस-कुत्र्याने छेडल्यावर काय होतं. छेडल्याच्या वेळी ठोके आणि वेग वाढतात, हे अपेक्षितच होतं. माझं लक्ष वेधलं ते पुढच्या निष्कर्षाने: शरीराचं कमाल तापमान दुसऱ्या दिवशीही चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी जनावर नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहतं. म्हणजे दहा मिनिटांच्या पळापळीची वसुली शरीर दुसऱ्या दिवसापर्यंत करत असतं.

आता फरक बघा. मूस बहुधा एकटा राहतो, गवा कळपाने. मूसला बर्फाची सवय, आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या दमट उकाड्यात जनावर धावतं. थंड प्रदेशातल्या जनावराला ज्याची भरपाई करायला एक दिवस लागतो, ती इथे वैशाखात, पाणवठे आटलेले असताना, सोपी नसणार हे कळायला यंत्र नको. त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे उचलू नका. पण 'दिसेनासं झालं म्हणजे शांत झालं' हा भ्रम काढून टाकायला तो अभ्यास पुरेसा आहे.

४. पूर्वी गवे संध्याकाळी पाचला बांधावर दिसायचे. आता रात्री दोनला येतात. असं का झालं?

आपणच ते शिकवलं. गवा मुळात दिवसाही चरणारं जनावर आहे. माणसांचा वावर आणि त्रास नसेल तिथे सकाळी आणि उतरत्या उन्हात तो उघड्यावर चरताना दिसतो. जिथे छेडछाड होते तिथे तो दिवस जाळीत काढतो आणि चरण्याचं काम रात्रीवर ढकलतो. हे फक्त गव्याचं नाही. २०१८ मध्ये सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा माणसांचा त्रास असलेल्या ठिकाणी प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट झालेला आढळला. जे जनावर आपला वेळ दिवस-रात्रीत निम्मा-निम्मा वाटायचं, ते आपल्या शेजारी राहून सुमारे ६८ टक्के रात्रीचं होतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात दुहेरी तोटा आहे. दिवसा दिसलेला गवा टाळता येतो. रात्री दोनला पाणंदीत समोर आलेला टाळता येत नाही. आणि दुचाकीवरून पहाटे दूध घालायला निघणारा माणूस नेमका त्या वेळेला रस्त्यावर असतो.

५. फटाके, पत्र्याचे डबे, बार यांनी शेत राखता येतं का?

पहिल्या आठवड्यात येतं. नंतर जनावराला कळतं की आवाज होतो पण काही होत नाही. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच प्रकारचा आवाज हा त्याच्यासाठी देवळातल्या घंटेसारखा रोजचा होतो. आवाज उपयोगी पडतो तो जनावर शेताच्या कडेला असताना, आत शिरण्याआधी, आणि त्याला जायची वाट मोकळी असताना. आत शिरून खात असलेल्या कळपाच्या मागच्या बाजूने, म्हणजे रानाच्या बाजूने फटाका टाकलात तर तो पुढे पळतो, आणि पुढे तुमचं घर असतं. ही चूक मी स्वतः एकदा पाहिली आहे. कळप अंगणातून गेला, वृंदावन पडलं, माणूस वाचला ते नशीब.

६. पळाल्याच्या खुणा कशा ओळखायच्या? जनावर शांतपणे गेलं की घाबरून, हे सकाळी कळतं का?

कळतं, आणि राखण करणाऱ्या प्रत्येकाने हे शिकावं. चिखलात बघा. चालत्या डुकराचे खूर जवळजवळ मिटलेले उमटतात, पावलं सारख्या अंतरावर. पळणाऱ्याचे खूर फाकतात, खोल रुततात, मागची दोन छोटी नखं ठळक उमटतात आणि दोन उड्यांमधलं अंतर खूप वाढतं. गव्याचं शेण शांत असताना एका जागी थापीसारखं पडतं. पळताना वाटेवर सांडत जातं. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे बाहेरच्या बाजूला ढकललेले असतील तर ते वाट शोधत नव्हतं, अंगाने रेटून गेलं. पानांवर रक्ताचे थेंब दिसले तर पुढे एकही पाऊल टाकू नका, थेट प्रश्न ९ वाचा.

आणखी एक. दमलेलं डुक्कर चिखलाच्या डबक्याकडे जातं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे तापलेलं अंग गार करायला त्याला चिखल किंवा पाणी लागतं. पाठलाग झाल्यावर सकाळी व्हाळातल्या कोंडीत पाणी गढूळ दिसलं तर ते जवळपासच आहे असं समजा.

७. गवोरेडो बागेत इलो, थयच रवलो. आता काय करूचा?

काय बी करू नका, हेच खरं उत्तर, पण ते नीट सांगतो. दिवस उजाडताना बागेत राहिलेला एकटा गवा हा पुष्कळदा रात्री कुठेतरी हुसकावलेला असतो आणि उजेड झाल्यामुळे अडकलेला असतो. त्याला रानात परत जायचंच आहे. त्याला हवी असते एक मोकळी बाजू आणि संध्याकाळ. रानाच्या बाजूची बेडी (बागेचं फाटक) उघडी ठेवा, गडग्यात खिंडार असेल तर तिथून माणसं हटवा, कुत्रे बांधा, बागेतलं काम त्या दिवसापुरतं थांबवा. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि मुख्य म्हणजे गर्दी होऊ देऊ नका. आजकाल गव्याच्या मागे एक आणि त्याचा व्हिडिओ काढणाऱ्यांच्या मागे पन्नास जण असतात.

गर्दीचं मोल काय ते पुण्याने पाहिलं आहे. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये एक गवा वाट चुकून वस्तीत आला. काही तास तो माणसांच्या गर्दीतून, भिंतींना धडका घेत, जखमी होत पळत राहिला. भूल देऊन त्याला पकडलं, पण तो वाचला नाही. त्याच महिन्यात बावधन भागात दुसरा गवा दिसला. त्या वेळी माणसं लांब ठेवली, जंगलाकडची बाजू मोकळी केली आणि तो आपल्या पायांनी निघून गेला. दोन गवे, एकच महिना, एकच शहर. फरक फक्त माणसांच्या वागण्याचा.

८. भेकराला कुत्र्यांनी वाडीत आणलं. आम्ही सोडवलं, पाणी पाजलं, अंगावर साधी जखमही नव्हती. तरी तासाभरात मेलं. का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरं दुःख असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जिवाच्या भीतीने पळताना स्नायू त्यांच्या कुवतीपलीकडे काम करतात. प्राणवायू पुरत नाही, स्नायूंत आणि रक्तात आम्ल साठतं, शरीराचं तापमान चढतं. हे फार वेळ चाललं तर स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. फुटलेल्या पेशींतलं लाल प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि ते निकामी करतं. पेशींतून बाहेर पडलेल्या क्षारांनी हृदयाचे ठोके बिघडतात. जनावर तासाभरात मरतं, कधी दोन-चार दिवसांनी रानात जाऊन मरतं आणि आपण 'सोडलं, वाचलं' असं समजत राहतो. हरणवर्गीय प्राणी यात विशेष नाजूक. एकदा हे सुरू झालं की औषधोपचाराला फारसं यश येत नाही. म्हणून सगळा भर सुरू होऊ न देण्यावर असतो.

तुम्ही सोडवलंत ते योग्यच केलंत. पुढच्या वेळी एवढं करा: कुत्रे लांब बांधा. जनावराच्या डोळ्यांवर सुती कापड हलकेच टाका, नाक मोकळं ठेवा. सावलीत, शांत जागी ठेवा. पाय करकचून बांधू नका. तोंडात पाणी ओतू नका, धापा टाकणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात ते जातं. कुरवाळू नका, आपल्याला ती माया वाटते, त्याच्यासाठी तो वाघाचा पंजा असतो. मुलांना दाखवायला तर अजिबात नेऊ नका. वनखात्याची माणसं येईपर्यंत एकच माणूस जवळ असावा आणि तोही न बोलणारा.

९. कोणीतरी बार टाकला, डुक्कर जखमी होऊन जाळीत गेलंय. शोधायला जायचं का?

नाही. जखमी डुक्कर सुरुवातीला पळतं, मग दाट जागी पाठ टेकवून बसतं आणि येणाऱ्याकडे तोंड करून थांबतं. त्याची नजर बेताची असते, पण नाक आणि कान फार तीक्ष्ण. तुम्हाला ते दिसण्याआधी त्याला तुम्ही कळलेले असता. सुळ्याचा वार खालून वर येतो, मांडीवर बसतो, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर कोकणातल्या वाडीवरून दवाखान्यापर्यंतचा रस्ता फार लांबचा ठरतो. जागा लक्षात ठेवा, त्या वाटेने कोणी गुरं नेऊ नये एवढं वाडीत सांगा, वनखात्याला कळवा. 'बार आपल्याकडच्या माणसाने टाकला, मग कळवायचं कसं' असा संकोच असतो. उद्या लाकूडफाट्याला गेलेली बाई त्या जाळीपाशी पोचेल, तिचा विचार करा.

१०. कळप उधळला आणि पिल्लू मागे राहिलं. घरी आणू का?

आणू नका. गव्याचं वासरू असो की डुकराची पट्टेवाली पिल्लं, आई जवळच्या रानात थांबलेली असते आणि माणसं हटण्याची वाट बघत असते. भेकराचं पिल्लू तर हुसकावल्यावर मुद्दाम निपचित बसतं. ते 'सोडून दिलेलं' नसतं, आईने बसवलेलं असतं. तुम्ही त्याच्याजवळ उभे राहाल तितका वेळ आई येणार नाही. आणि आलीच, तर तुम्ही दोघांच्या मध्ये असाल. लांब व्हा, रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच एकटं असेल किंवा विहिरीत, खाणीत अडकलं असेल तर वनखातं.

११. हुसकावल्यानंतर कोणत्या जनावरापासून जास्त धोका?

माझ्या हिशेबाने क्रम असा: जखमी कोणतंही जनावर; पिल्लांसह डुकरीण; एकटा गवा; अस्वल असलेल्या भागात अस्वल. कळपातला गवा त्यामानाने सभ्य. त्याच्याकडे पळायला बाकीच्यांची साथ असते.

१२. गवा आडवा उभा राहून बघतो. तो हल्ला करणार असतो का?

आडवं उभं राहणं ही त्याची धमकी आहे. आपली पाठ, वशिंड, अंगाचा पसारा तो दाखवतो: बघ, मी केवढा आहे. मोठा नर खांद्याशी माणसाएवढा उंच आणि वजनाने हजार किलोच्या घरात जातो, त्यामुळे दाखवण्यासारखं त्याच्याकडे असतं. नाकातून जोराचा फुत्कार, पुढचा पाय आपटणं, डोकं खाली घालून शिंगं हलवणं या पुढच्या पायऱ्या. तोपर्यंत तुम्ही त्याला जागा द्यायला हवी होती.

पण एक धोक्याची गोष्ट: हुसकावलेला गवा या पायऱ्या गाळतो. ज्याला तासाभरापूर्वी तीन ठिकाणांहून पिटाळलं आहे तो तुम्हाला धमकावण्यात वेळ घालवत नाही. वळणावर अचानक, दहा-पंधरा पावलांवर तुम्ही दिसलात तर तो सरळ येतो, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही वाट अडवली आहे. अशा वेळी त्याच्या रेषेतून बाजूला व्हा. जाड झाड, गडगा, चिऱ्यांची रास, काहीही मध्ये घ्या. सरळ रेषेत पळून कोणी गव्याच्या पुढे गेलेलं नाही.

१३. कुत्रे बरोबर असले तर सुरक्षित वाटतं. ते बरोबर आहे का?

उलट आहे. कुत्रा जनावराला छेडतो, जनावर वळतं, कुत्रा घाबरतो आणि धावत मालकाकडे येतो. मागून काय येतं ते सांगायला नको. डुक्कर माणसापासून पळेल, पण कुत्र्यांसमोर उभं राहून लढतं. रानात फिरताना कुत्रा नकोच. राखणीला हवा असेल तर माळ्याखाली (राखणीच्या मचाणाखाली) बांधलेला, भुंकून सावध करणारा.

१४. रात्री जनावर एवढं जवळ येईपर्यंत त्याला आमचा वास कसा लागत नाही?

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे उपयोगी पडतात. दिवसा वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. पायथ्याच्या गावांत रात्री डोंगरावरून खाली उतरणारा गार वाराही त्याच दिशेचा. म्हणजे रात्री घाटाकडून शेतात उतरणाऱ्या जनावराच्या पाठीला वारा असतो आणि पुढे बसलेल्या राखणदाराचा वास त्याला मिळत नाही. ते अंगावर येईपर्यंत बेसावध असतं आणि मग दचकतं. राखणीला बसताना माळा रानाच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असेल तर तुमचा वास पिकावरून खाली जातो. हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे. तुमच्या दरीचा वारा वेगळा असेल तर राखेची चिमूट उडवून आधी बघा.

जोराच्या पावसात मात्र सगळेच आंधळे-बहिरे. आवाज दबतो, वास धुऊन जातो. आषाढात रानातून जाताना गप्प जाऊ नका, मोठ्याने बोलत जा.

१५. देवरहाटीत (देवाच्या नावाने राखलेल्या रानात) एवढी जनावरं का जमतात?

कारण तिथे कोणी बार काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे कोयता चालला नाही, कुत्रे सोडले गेले नाहीत, ती जागा जनावरांनाही ओळखता येते. दाट सावली, बारमाही झरा आणि शांतता. आजूबाजूला हाके झाले (शिकारीसाठी आरडाओरडा करून जनावरं उठवली) की देवरहाटीत वर्दळ वाढते. ज्या गावाने आपली देवरहाटी तोडून तिथे कलमं लावली, त्या गावातली जनावरं आता दिवसा कुठे झोपतात हे तिथल्या लोकांनी स्वतःला विचारावं. ती काजूच्या बागेत झोपतात.

१६. डुकरासाठी फासकी (तारेचा फास) लावली, त्यात बिबट्या अडकला. सोडवायचा कसा?

तुम्ही सोडवायचा नाही. तार हिसक्यागणिक कंबरेत रुतते आणि जितके लोक जमतात तितके हिसके वाढतात. माणसं लांब करा, १९२६ वर कळवा, पथक येऊ द्या. वरून ठीक दिसणाऱ्या बिबट्याच्याही आतड्यांना आणि मूत्रपिंडांना इजा झालेली असू शकते, म्हणून 'तार तोडली की पळेल' हा विचार धोक्याचा. अर्धवट सुटलेला बिबट्या जवळच्या माणसावर येतो. फासकी लावणं गुन्हा आहे, मग ती कोणासाठीही लावलेली असो. प्रश्न १७ पाहा.

१७. आमच्याकडे शिमग्यात पारध ही परंपरा आहे. नुसतं हाकलणं तर गुन्हा नाही ना?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फासात अडकवणं, जखमी करणं, आमिष लावणं, त्या हेतूने हाकणं, आणि या सगळ्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. म्हणजे हाका घालणारा 'माझ्या हातात बंदूक नव्हती' म्हणून सुटत नाही. गवा आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आलं. ते पिकाचं नुकसान करत असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं, तोंडी परवानगीने नाही आणि 'सगळेच मारतात' म्हणूनही नाही. परवानगी असली तरी गावठी बॉम्ब, विजेची तार, फासकी यांना ती लागू होत नाही.

पिकातून जनावर बाहेर काढणं, आवाज करणं ही शिकार नव्हे. जिवावर बेतलं असताना स्वसंरक्षणात जनावर मेलं तर कायदा ते समजून घेतो, पण तुम्ही मुळात बेकायदा काम करत रानात गेला असाल तर ती ढाल मिळत नाही.

परंपरेबद्दल माझं मत विचाराल तर सांगतो. पारधीत गाव एकत्र यायचं, जुनी माणसं पोरांना रान वाचायला शिकवायची, हे मोलाचं होतं. ते रान वाचणं आजही शिकवता येईल. प्रश्न ६ मधल्या खुणा मला एका पारध्यानेच दाखवल्या.

१८. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची परवानाधारक बंदूक आहे. हवेत बार काढू का?

परवान्यावरच्या अटी आधी वाचा, त्या तुमच्यावर बंधनकारक आहेत. बाकी एवढंच सांगतो: काळोखात हलणाऱ्या जाळीवर नेम धरू नका. जनावर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या दुर्दैवी घटना कोकणाने सोसल्या आहेत, आणि त्यात मरणारा बहुधा बरोबर गेलेला शेजारीच असतो.

१९. पळालेली जनावरं विहिरीत, चिरेखाणीत का पडतात? त्यांना तर वाटा माहीत असतात.

चालताना माहीत असतात. भेदरून पळताना जनावर नेहमीची वाट सोडतं, आणि आपल्या बागांतल्या कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत. सोडून दिलेल्या चिरेखाणी तर सरळ कापलेल्या, वर यायला उतारच नाही. विहिरीत पडलेल्या गव्याला दोर लावून ओढू नका. एका बाजूने माती कापून उतार केला आणि माणसं हटली की तो स्वतः चढून जातो. जेसीबीने हे काम काही तासांत होतं. त्याआधी विहिरीला कंबरभर कठडा बांधून घ्या, त्यात आपली गुरं आणि पोरंही वाचतात.

२०. वानर, माकडं आणि हत्ती यांनाही हेच लागू?

नाही. वानर-माकडं दिवसाची, झाडावरची आणि फार लवकर शिकणारी. ती रात्रीकडे सरकत नाहीत, तुम्ही जेवायला कधी जाता ते पाठ करतात. हत्तींचा प्रश्नच वेगळा. दोडामार्ग भागात ते २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आले. हुसकावलेला हत्ती गव्यासारखा जाळीत थांबेल असं गृहीत धरून कोणीही मागे जाऊ नये. हत्ती गावात आल्यावर फक्त वनखात्याच्या पथकाचं ऐकायचं.

२१. हे सगळं पटलं. पण भात माझं गेलं, त्याचं काय?

नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढा, खुरांच्या खुणा मोडू देऊ नका आणि तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज द्या. सातबारा, बँकेच्या पासबुकाची प्रत सोबत ठेवा. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. भरपाई नुकसानाएवढी मिळत नाही आणि वेळेवरही येत नाही ही तक्रार रास्त आहे. तरी अर्ज द्याच, कारण ज्या वाडीतून अर्ज जात नाहीत त्या वाडीत कागदोपत्री जनावरंच नसतात.

राखणीचं म्हणाल तर तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून करा. एकट्याने आपल्या शेतातून हाकललेला कळप शेजाऱ्याच्या शेतात उतरतो आणि तो तुमच्याकडे परत पाठवतो. रात्रभर तेच चालतं, आणि पहाटेपर्यंत दमलेलं, चिडलेलं जनावर पाणंदीत उभं असतं. सगळ्यांनी शेताच्या एकाच अंगाला उभं राहून, रानाची बाजू उघडी ठेवून, एकदाच आणि लवकर, संध्याकाळी आठ-नऊच्या आत आवाज केला तर कळप वर चढतो. आमच्या वाडीत गेले तीन हंगाम असं करतो आहोत. भात थोडं जातं. कोणाला टाका पडलेला नाही.